‘आडवी’चा चेहरा

“तोंड फोडलंय,” मृणाली सुर्वे दारातूनच म्हणाली. “आज संध्याकाळी प्रदर्शन उघडतंय, आणि मूर्तीचं तोंड फोडलंय.”

समीक्षा भाटकरने समोरच्या खुर्चीकडे हात केला. मृणाली बसली नाही.

“पोलिसांत गेलात?”

“गेले तर पंचनामा होईल, हॉलला कुलूप लागेल. ज्याने हे केलंय त्याला तेच तर हवंय. दार मी उघडणारच, समीक्षाताई. मूर्ती आहे तशी उभी राहील, आणि तिच्या शेजारी उभी राहून मी त्या माणसाचं नाव घेईन. मला तेवढं नाव शोधून द्या.”

“नाव कोणाचंही निघालं तरी घ्याल?”

“कोणाचंही.”

“मग चला.”

समीक्षाचं ऑफिस रामआळीतल्या एका जुन्या इमारतीत वरच्या मजल्यावर होतं. पूर्वी ती विमा कंपनीसाठी बुडालेल्या होड्यांची चौकशी करायची. होड्या आपणहून फारशा बुडत नाहीत हे लक्षात आल्यावर तिने नोकरी सोडली आणि स्वतःची पाटी लावली. खालच्या मजल्यावर घरमालक राहायचे, गुरुप्रसाद केळकर. जन्म बोटीवर काढून घरी बसलेले. ती त्यांना गुरुकाका म्हणायची. त्यांच्याकडे एक गाडी होती, रिकामा वेळ होता, आणि कुठल्याही गुन्ह्याबद्दल चौकशीआधीच एक ठाम मत तयार असायचं.

आजही होतं. गाडी सुरू करतानाच ते म्हणाले, “दीपकशेठ खानविलकर. दुसरं कोण?”

भाट्याच्या खाडीजवळ बर्फाचा एक बंद पडलेला कारखाना होता. मुंबईतलं काम सोडून आलेल्या मृणालीने तो घेऊन तिथे कलादालन उभं केलं होतं. नाव ‘भरती’. जाड भिंती, उंच छत, समुद्राच्या अंगाला मोठ्या खिडक्या. रत्नागिरीत असं काही चालणार नाही, असं सगळ्यांनी तिला सांगितलं होतं. ती ते ऐकून घ्यायची आणि भिंतीला रंगाचा पुढचा हात मारायची.

हॉलच्या मधोमध ती मूर्ती होती. जांभ्या दगडातली, माणसाएवढ्या उंचीची बाई. पाय रोवलेले, दोन्ही हात बाजूंना पसरलेले. खाली नाव होतं, ‘आडवी’.

ही बाई कोण हे सगळ्या जिल्ह्याला ठाऊक होतं. राजापूरच्या वाटेवर तळीकोंड नावाची वाडी आहे. दीपक खानविलकरांची जांभ्या चिऱ्याची खाण सरकत सरकत त्या वाडीच्या विहिरीपर्यंत आली आणि विहिरीचं पाणी आटलं. तेव्हा दमयंती गुरव नावाची विधवा बाई डंपरपुढे हात पसरून उभी राहिली होती. तिच्यामागे वाडी उभी राहिली आणि काम थांबलं. आता खाण पुन्हा सुरू करण्यासाठी खानविलकरांनी अर्ज केला होता, आणि त्याची सुनावणी जवळ आली होती.

मूर्तीला आता चेहरा नव्हता. केस होते, कान होते, मान होती. कपाळापासून हनुवटीपर्यंतचा भाग गेला होता. तिथे खडबडीत, लालसर खळगा दिसत होता. पायाशी दगडाचे तुकडे आणि चुरा पडला होता.

“कशालाही हात लावू दिलेला नाही मी,” मृणाली म्हणाली.

समीक्षा उकिडवी बसली. एक तुकडा उचलून तिने त्यावर नख दाबलं. नख रुतलं, पिवळट लाल पीठ बोटाला लागलं. मग तिने मूर्तीच्या पदराच्या काठावर तेच नख ओढलं. दगडाला काही झालं नाही, नखाचं टोक मात्र मोडलं.

मग ती एकेक तुकडा उलटासुलटा करून पुन्हा जागेवर ठेवत गेली.

“काय शोधतेयस?” गुरुकाकांनी विचारलं.

“नाक. किंवा ओठ. पापणी असली तरी चालेल.”

“घणाखाली नाक कुठलं राहतंय, बाई!”

ती उठली. स्टूल ओढून वर चढली आणि खळगा जवळून पाहिला. बरोबर मध्ये लाल मातीचा एक गोल ठिपका होता, करंगळीएवढा. तिने केसातला आकडा काढून त्यात खुपसला. माती गळून पडली आणि आकडा सरळ आत गेला.

“जांभ्याला भोकं असायचीच,” गुरुकाका म्हणाले.

“असतात. वाकडीतिकडी.”

समुद्राकडची एक खिडकी सताड उघडी होती. “सकाळी मी आले तेव्हा अशीच होती,” मृणाली म्हणाली. “समोरच्या दाराचं कुलूप शाबूत होतं. इथूनच आले असणार.”

खिडकीची चौकट रुंद होती, आणि खाऱ्या वाऱ्याने तिच्यावर चिकट थर साचला होता. समीक्षाने त्यावरून बोट फिरवलं. रेघ उमटली. त्या रेघेखेरीज थरावर कसलीही खूण नव्हती.

“मूर्तिकार कुठे आहेत?”

मूर्तिकार कोपऱ्यात पायरीवर बसला होता. शुभंकर त्याचं नाव. राजापूरकडचाच, मुंबईत शिकून आलेला, पस्तिशीच्या आतला. डोळे लाल झाले होते.

“वर्ष गेलं माझं या मूर्तीत,” तो म्हणाला. “सकाळी मृणालीचा फोन आला तसा धावत आलो. तेव्हापासून इथेच बसून आहे. जवळ जाववत नाही.”

“दगड कुठला?”

“तळीकोंडच्या विहिरीचा. विहीर आटली, रहाट मोडला. रहाटाचे दगडी खांब तसेच पडून होते. वाडीने ते मला दिले. कित्येक पावसाळे खाल्लेला दगड, लोखंडासारखा झालेला.”

“आणि मूर्ती एकसंध?”

“एकसंध. एकाच खांबातून कोरलेली.”

“काल शेवटी इथे कोण होतं?”

“मीच. दिवे लावत होतो. अंधार पडता पडता कुलूप घातलं, किल्ली भिकाजीकडे दिली.”

“मधे कोणी आलं होतं?”

“नाही. एकटाच होतो.”

भिकाजी हा राखणदार. फाटकाजवळच्या खोलीत राहायचा, आणि सकाळपासून सगळे आपल्याकडेच बघतायत म्हणून चिडला होता.

“माज्याकडे चावी हाय म्हणून मीच काय? त्या बाईला आमी काय वळखत नाय? तिच्या तोंडावर मी घण घालीन?”

“तसं कोणी म्हणालेलं नाही, भिकाजी. घणाचे आवाज ऐकलेत?”

“नाय वो. माजी खाट भिंतीला लागून. वारा पडलावता, ओहटी लागलीवती, समुद्राची गाज बी नव्हती. उंदीर पळाला तरी कळतंय. काय आवाज नाय.”

“काल शुभंकर काम करत होते तेव्हा कोणी आलं?”

“दमयंतीबाईंचा पोरगा आला होता. सर्वेश. मुंबईला असतो तो. आंब्याची पेटी घेऊन आला, शुभंकरला द्यायला.”

“मग?”

“मग काय, थोड्या वेळानं गेला. पेटी खांद्यावर घेऊन गेला.”

“आंबे देऊन, रिकामी पेटी घेऊन?”

“असंल. पेटी परत द्यायची असते बागायतदाराला.”

समीक्षाने मान डोलावली. “पेटीत पेंढा होता?”

“पेंढ्याबिगर आंबा कोण भरतंय?”

गाडीत बसल्यावर गुरुकाका म्हणाले, “भिकाजीला झोप लागली, हे कबूल करायची त्याला लाज वाटतेय. बाकी खिडकीतून आलेली माणसं दीपकशेठची.”

“चला, त्यांनाच विचारू.”

दीपक खानविलकरांचं ऑफिस नाचण्याच्या रस्त्याला होतं. गार हवा, काचेचं टेबल. त्यांनी दोघांना शहाळी मागवली आणि स्वतःच विषय काढला.

“फोडली म्हणे. मला वाईट वाटलं असं खोटं सांगणार नाही. पण मी फोडली नाही. मला गरज काय? सुनावणीत कागद बोलतात, मूर्त्या बोलत नाहीत.”

“तरी तुम्ही मूर्ती हलवायला सांगितलं होतंत, असं मृणाली म्हणाल्या.”

“हलवायला नाही. म्हटलं, बाई दाखवा की. कोकणात बाया काय कमी आहेत? हीच कशाला? तोंड दुसरं करा, मी उद्घाटनाला हार घेऊन येतो. नाही म्हणाली. असो. आता येईन.”

समीक्षाने पर्समधून रुमालात बांधलेला तुकडा काढून टेबलावर ठेवला. “हा तिथे सापडला.”

खानविलकरांनी तो उचलला, बोटांत चुरडला आणि हसले. “हा तर कोवळा चिरा. कालपरवा जमिनीतून निघालेला. वारा लागला की घट्ट होतो, याला अजून लागलेला नाही. आमच्याच खाणीच्या कडेचा असेल, रंगावरून सांगतो. पावसाळ्याआधी पाणी जायला चर खणलाय तिकडे.”

गुरुकाकांनी समीक्षाकडे विजयी नजर टाकली. ती शहाळं पीत होती.

“दमयंतीबाईंशी अलीकडे बोलणं झालं?” तिने विचारलं.

“त्या बाईशी कोण बोलणार? मुलाशी बोललो. शहाणा मुलगा आहे. म्हटलं, आईला मुंबईला घेऊन जा. आपले रस्ते अरुंद, डंपर मोठे. ती एकटी चालत बाजाराला जाते, काळजी वाटते.”

खोलीतली हवा आणखी गार झाल्यासारखी वाटली.

“ही धमकी होती?” समीक्षाने शांतपणे विचारलं.

“काळजी होती. म्हातारी माणसं आपण जपायला नको?”

“त्या पन्नाशीच्याही नाहीत,” ती उठत म्हणाली. “आणि तुमची काळजी मी लक्षात ठेवीन. सुनावणीला माणसंही बोलतात, दीपकशेठ. मी बोलू शकते.”

बाहेर येताच गुरुकाका उसळले. “त्याच्याच खाणीचा दगड! स्वतःच्या तोंडाने कबूल केलं त्याने!”

“म्हणूनच त्याने केलं नाही, काका. त्याने केलं असतं तर तो तुकडा बघून ‘कसला दगड’ म्हणाला असता.”

“पण मग मूर्तीचं तोंड त्याच्या खाणीच्या दगडाचं कसं?”

“हाच तर प्रश्न आहे,” समीक्षा म्हणाली. “आता भाट्याला चला.”

सर्वेश भाट्याला मावशीकडे उतरला होता. माडांमधलं कौलारू घर, अंगणात वाळत घातलेली सुकट. मुंबईत तो लिफ्ट दुरुस्तीच्या कंपनीत होता. दोघांना बघून तो ओटीवरून खाली आला आणि दार मागे ओढून घेतलं.

“कळलं मला,” तो म्हणाला. “चेहराच गेला ना? बाकी मूर्ती ठीक आहे ना?”

“बाकी ठीक आहे. तुम्हाला कोणी कळवलं?”

“गावात सगळ्यांना कळलंय. ऐका, आईला अजून माहीत नाही. ती दुपारच्या एसटीने येतेय, प्रदर्शन बघायला. तिला स्टँडवरूनच परत पाठवतो मी. तिला हे दिसायला नको.”

“काल तुम्ही शुभंकरना आंबे दिलेत.”

त्याने ओढलेल्या दाराकडे पाहिलं. “हो. आमच्या दारच्या कलमाचे.”

“आवडले त्यांना?”

“आवडले असतील.”

“पेटी परत आणलीत का?”

“पेटी... हो. मावशीची होती.”

आतून मावशीचा आवाज आला, “सर्वेश, माझ्या कॉटखालची ती पेटी काढ रे, केर काढायचाय! धोंड्यासारखी जड झालीय, काय भरलंयस?”

“मी काढतो, मावशी! तू हात लावू नको!” सर्वेश ओरडला. मग समीक्षाकडे वळून म्हणाला, “आंबे. मुंबईला न्यायचेत.”

“आंबे जड असतात,” समीक्षा म्हणाली. “संध्याकाळी कलादालनात या. आणि आईंना परत पाठवू नका.”

“तुम्हाला काय कळतंय त्यातलं? तिला—”

“चेहरा त्यांचा आहे. त्या समोर नसताना मी त्याबद्दल कोणाशीच बोलणार नाही.”

गाडी पुलावर आल्यावर गुरुकाका म्हणाले, “आता मला काहीच कळेनासं झालंय.”

“छान. मत नसलेले गुरुकाका पहिल्यांदाच भेटतायत. मला सोडा आणि स्टँडवर जा. दमयंतीबाईंना घेऊन या. वाटेत काही सांगू नका.”

“सांगू काय? मलाच ठाऊक नाही!”

पाहुणे यायला अवकाश होता. हॉलमध्ये मृणाली, शुभंकर, सर्वेश आणि दारापाशी भिकाजी. गुरुकाका दमयंतीबाईंना घेऊन आले. काटक, सावळी बाई, अंगावर ठेवणीतलं हिरवं लुगडं, केसात अबोलीच्या फुलांचा वळेसर. ती मूर्तीपुढे जाऊन उभी राहिली.

“ह्ये कोणी केलं?” तिने विचारलं.

“ते सांगायलाच सगळ्यांना बोलावलंय,” समीक्षा म्हणाली. “दमयंतीबाई, तुम्ही बसा.”

“मी उभीच बरी.”

“बरं. आधी खिडकी. बाहेरून कोणी आत आलं असं दाखवायला ती उघडी ठेवली. पण चौकटीवर खाऱ्याचा थर आहे आणि त्यावर हाताची, पायाची, कपड्याची खूण नाही. त्या वाटेने कोणीही आलं नाही. मग आवाज. लोखंडासारखा दगड घणाने फोडायचा तर आवाज भाट्यापर्यंत जाईल. भिंतीला लागून झोपलेल्या भिकाजीला काहीच ऐकू आलं नाही.”

“झोपला असेल,” गुरुकाका सवयीने पुटपुटले. भिकाजीने त्यांच्याकडे रागाने पाहिलं.

“झोपले नव्हते ते. काही फुटलंच नव्हतं. हे तुकडे बघा. नखाने चुरा होतो यांचा. मूर्तीवर नख मोडतं. ती आहे कित्येक पावसाळे उघड्यावर उभ्या असलेल्या रहाटाच्या खांबाची. हे तुकडे आहेत नुकत्याच खणलेल्या कोवळ्या चिऱ्याचे. दीपकशेठनी ते बघताक्षणी सांगितलं, खाणीच्या चरातला माल म्हणून. या ढिगात मी नाक शोधलं, ओठ शोधला. एकाही तुकड्याला छिन्नीने कोरलेली, घासलेली बाजू नाही. घणाने चेहऱ्याचे शंभर तुकडे झाले, तरी शंभरातल्या एकावर पापणीची रेघ राहीलच. हे तुकडे कधीच चेहरा नव्हते. ते बाहेरून आणून इथे टाकलेत.”

“मग चेहरा?” मृणालीने विचारलं.

“अखंड आहे. तो फोडलेला नाही, काढलाय.”

“एका दगडातून कोरलेला चेहरा काढणार कसा?”

समीक्षाने केसातला आकडा पुन्हा काढला आणि स्टुलावर चढून खळग्यात घातला. तो आत गेला. “हे भोक गिरमिटाने पाडलेलं आहे, सरळ आणि गोल. आत सळई बसत होती. चेहरा वेगळा कोरून सळईवर जोडला होता. काढल्यावर भोक मातीने बुजवलं, कडा छिन्नीने थोड्या उडवल्या, म्हणजे मोडल्यासारखं दिसावं. हे भोक ज्याला माहीत होतं त्यानेच हे केलं. शुभंकर, तुम्ही मला सांगितलंत मूर्ती एकसंध आहे.”

शुभंकरने मान खाली घातली.

“तुम्ही आणखी एक सांगितलंत, सकाळपासून इथेच बसून आहात. वर्षभर घडवलेली मूर्ती फुटली, तर मूर्तिकार आधी तुकडे चिवडेल. काही जुळतंय का बघेल. मृणाली म्हणाल्या कशाला हात लावू दिला नाही. तुम्ही हात लावू का, असं विचारलंतच नाही. त्यात जुळण्यासारखं काही नाही, हे तुम्हाला आधीच ठाऊक होतं.”

“खांबाला डोक्याच्या जागी पोकळी निघाली,” तो हळूच म्हणाला. “म्हणून चेहरा दुसऱ्या खांबातून केला आणि सळईवर नुसता बसवला. कोणाला सांगितलं नव्हतं.”

“आणि तिसरी गोष्ट. तुम्ही म्हणालात, काल कोणी आलं नाही. भिकाजी म्हणाले, सर्वेश आला आंबे घेऊन. सर्वेशही म्हणाले, दिले. आंबे देणाऱ्याला तुम्ही का लपवलंत? कारण पेटीत आंबे नव्हते. खाणीकडेचा चुरा होता. आणि जाताना पेटी रिकामी नव्हती. रिकामी पेटी माणूस हातात लटकवून नेतो. सर्वेशने ती खांद्यावर घेतली. आज ती मावशीच्या कॉटखाली आहे आणि मावशीला उचलत नाही. पेंढ्यात आंबा टिकतो, तसा दगडी चेहराही टिकतो.”

मृणाली शुभंकरच्या पुढ्यात जाऊन उभी राहिली. “तू? मी सकाळपासून तुझे डोळे पुसतेय!”

“रडणं खोटं नव्हतं,” तो म्हणाला.

“पण असा खेळ कशाला?” गुरुकाकांनी विचारलं. “मूर्ती नको होती तर काढून न्यायची!”

“मृणाली काढू देणार नव्हत्या. चेहरा चोरीला गेला असता तर शोध झाला असता. फुटलेली वस्तू कोणी शोधत नाही. चेहरा नसलेली बाई कोणतीही बाई होते. मग खानविलकरांची तक्रार संपते.” समीक्षा सर्वेशकडे वळली. “त्यांनी तुम्हाला डंपरची गोष्ट सांगितली. तुम्ही घाबरलात.”

सर्वेशचा बांध फुटला. “मग काय करू? मी तिकडे मुंबईत, ही इकडे एकटी! रोज त्या रस्त्याने चालत जाते. एक दिवस फोन येईल, अपघात झाला म्हणून. ऐकते का ती माझं? मुंबईला चल म्हटलं तर येत नाही. तोंड तरी लपवू दे! तुझ्यासाठी केलं मी, आई. शुभंकरलाही पटलं. तुझ्यासाठीच.”

दमयंतीबाई मूर्तीच्या पसरलेल्या हाताला धरून उभी होती.

“माज्यासाठी,” ती म्हणाली. “मला इचारलंस?”

सर्वेश तिच्याकडे एक पाऊल आला.

“तो दीपकशेठ मला न इचारता माजी विहीर सुकवतो. तुमी मला न इचारता माजा चेहरा काढता. दोघं बी म्हणता, माजी काळजी.” तिचा आवाज चढला नव्हता. “सर्वेश, मला भीती वाटत नाय असं कोणी सांगितलं तुला? डंपरच्या म्होरं उभी होते तवा पाय लटपटत होते माजे. ड्रायवर पोरगा होता, तुज्याच वयाचा. त्याचे बी डोळे भरलेवते. मी हात पसरले ते पडू नये म्हणून पसरले. शुभंकरनं बघितलं, त्याला वाटलं केवढी ही शूर बाई.”

शुभंकरने वर पाहिलं.

“भ्यायले तरी हालले नाय. एवढंच केलं मी. आता त्या माणसानं मला तोंड लपवायला लावलं, तर मग तवा कशाला उभी राहिले?” तिने डोळे पुसले. “जा. घेऊन ये.”

“आई, पाहुणे येतील आता. पेटी मागच्या दारानं—”

“पेटीत नाय. म्होरल्या दारानं. हातात घेऊन ये, सगळ्यांना दिसंल असा.”

गुरुकाकांनी गाडीची किल्ली काढली. “चल रे,” ते सर्वेशला म्हणाले, आणि बाईंकडे वळून, “मी घेऊन जातो त्याला.”

ते परतले तेव्हा हॉल भरला होता. शहरातले डॉक्टर, कॉलेजची पोरं, मासळी बाजारातल्या बायका, तळीकोंडहून टेम्पोने आलेली माणसं. सगळे तुटल्या मूर्तीकडे बघत कुजबुजत होते. पुढच्या रांगेत दीपक खानविलकर हार घेऊन उभे होते.

मृणालीने माईक घेतला. सकाळी ठरवल्याप्रमाणे एक नाव घ्यायचं होतं. तिने समीक्षाकडे पाहिलं, मग दमयंतीबाईकडे.

“आज सकाळी ही मूर्ती आम्हाला अशी दिसली,” ती म्हणाली. “हे कोणी केलं ते शोधून काढा असं मीच सांगितलं होतं. कळलंय. घरच्यांनी केलं, घाबरून. का घाबरले, ते दमयंतीबाई सुनावणीत सांगतील. आणि कोणी घाबरवलं तेही.”

दारातून सर्वेश आत आला. छातीशी धरलेला दगडी चेहरा, वर तोंड केलेला. लोकांनी वाट करून दिली. खानविलकरांना बाजूला व्हावं लागलं.

दमयंतीबाई त्यांच्यापुढे थांबली.

“दीपकशेठ, माजा पोरगा सांगत होता, रस्ता अरुंद हाय. हाय खरा. पण तो आमच्या वाडीचा हाय. उद्या बी मी त्याच रस्त्यानं चालणार. बाजाराला आणि सुनावणीला. आज एवढ्या माणसांसमोर सांगून ठेवत्ये.”

तळीकोंडची माणसं तिच्यामागे येऊन उभी राहिली. मासळी बाजारातल्या एका बाईने मोठ्याने विचारलं, “काय सांगितलं वो ह्यानं रस्त्याचं?” खानविलकरांनी हार कोणाच्या तरी हातात दिला आणि ते फाटकाकडे गेले. त्यांना कोणी थांबवलं नाही.

शुभंकरने चेहऱ्यामागच्या सळईला चिकटवायचा लेप लावला. सर्वेशने चेहरा वर उचलून जागेवर बसवला.

“धरून ठेव,” शुभंकर म्हणाला. “घट्ट होईपर्यंत सोडायचा नाही. वेळ लागेल.”

सर्वेश स्टुलावर उभा राहिला, दोन्ही हातांत आईचा चेहरा धरून. लोक येत होते, बघत होते, काही त्याच्याकडे बोट दाखवून विचारत होते. तो खाली मान घालेना. हात भरून आले.

गुरुकाका जवळ गेले. “दे, थोडा वेळ मी धरतो.”

“नको, काका,” सर्वेश म्हणाला. “मीच धरतो.”